फलाट नावाचा बँड

१६ जानेवारी २०११, आंधळगाव

मोनिकाने आज माझ्या गिटारच्या दोन तारा काढल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. मी विचारलं, "काहून?"

"तू लय वाजवून राहिला."

"गिटार वाजवाले नाही तं कायले घेतली मी?"

"वाजव ना. पण एवढी नाही."

मोनिका रामटेके कॉलेजात माझ्या बरोबरीची. पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली, नोकरी केली, सोडली आणि भंडाऱ्याला परत येऊन दहावी-बारावीला गणित शिकवू लागली. पुण्याहून येताना दोन वस्तू घेऊन आली. एक बेस गिटार आणि एक हार्ड डिस्क. त्या डिस्कमध्ये इंग्लंडातले कुठकुठले जुने बँड आहेत. तीन-चार माणसं, मोजके सूर, मध्येच गप्प होतात, पुन्हा सुरू करतात. याला पोस्ट-पंक म्हणतात म्हणे. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "पंक म्हणजे आरडाओरडा. तो संपल्यावर कानात जे उरते ना, ते हे."

रविवारी तिची शिकवणीची खोली रिकामी असते. तिथे आम्ही वाजवतो. आमचा घरचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा धंदा. बाबांना वाटतं मी गिऱ्हाइकं पाहायला भंडाऱ्याला जातो.

एक गोष्ट मला समजत नाही. चांगलीचुंगली गाणी मी अर्ध्यात बंद करतो. ही माणसं इतकं कमी वाजवतात, तरी शेवटपर्यंत ऐकवतात. पुढे काहीतरी येणार असं वाटत राहतं. येत तर काहीच नाही.

३० जानेवारी

ड्रमवाला मिळाला. टेकचंद, सानगडीचा. लग्नाच्या बँड पार्टीत वाजवतो. वरातीत नाचणाऱ्यांना घाम फोडणारा माणूस. मोनिकाने आल्या-आल्या त्याच्या झांजा बाजूला ठेवल्या, मग एक ड्रम, मग आणखी एक. शेवटी त्याच्यापुढे दोनच राहिले.

टेकचंद म्हणाला, "बाई, हे तं पोराईचं खेळणं झालं. मी वरातीतच बरा."

गेला मात्र नाही. दोन ड्रमवर त्याने जे वाजवलं ते ऐकून तोच थोडा चमकला. "अरे, हे तं चालून राहिलं बापा," म्हणाला.

आता प्रश्न गाण्याचा. मी गायलो. मोनिकाने बेस खाली ठेवला. "तू गाताना सगळ्याईले सांगतो का तुले किती वाईट वाटून राहिलं. वाईट ऐकणाऱ्याले वाटाले पाहिजे, अंकुश." ती स्वतः गायला तयार नाही. टेकचंदच्या गळ्यातून फक्त वरातीची गाणी निघतात. बँडला आवाज नाही.

४ फेब्रुवारी, पवनी

आवाज सापडला!

पवनीच्या एका दुकानात साड्या पोचवून स्टँडवर बसलो होतो. भोंग्यातून बाईचा आवाज आला. फलाट क्रमांक दोनवर लागलेली पवनी–भंडारा गाडी. कोंढा. अड्याळ. पहेला मार्गे जाईल.

बाकी ठिकाणी ओढून-ताणून, घसा बसल्यासारखं बोलतात. हिने प्रत्येक शब्द सारख्या वजनाने ठेवला. ओट्यावर वाट्या मांडाव्यात तसा. प्रत्येक गावाच्या नावानंतर ती थांबते, जणू गाडी तिथे पोचली आणि माणसं उतरताहेत. कोंढ्यानंतर जरा जास्तच थांबली. त्या आवाजात आनंद नाही, दुःख नाही, राग नाही. काहीच नाही! मी दोन गाड्या सोडून दिल्या आणि मोबाईलवर आवाज भरून घेतला.

मोनिकाला ऐकवला. ती इतकंच म्हणाली, "ही बाई कोण?"

१० फेब्रुवारी

मोनिकाला घेऊन पवनीला गेलो. सुशीलाबाई गजभिये, कोंढ्याच्या राहणाऱ्या. पन्नाशीच्या आसपास. यजमान एसटीत कंडक्टर होते, ते वारले, त्यांच्या जागी यांना लावून घेतलं. मोनिकाने जय भीम केला, त्यांनीही केला, चहा सांगितला.

मी समजावून सांगितलं. त्या हसल्या. "मी गाणं म्हणत नाही बापा. भजनात पण मागं बसते मी."

"गायचं नाही काकू, बोलायचंच आहे. इथं बोलता तसं."

"मंग इथंच ऐका ना. फुकट हाय."

उठणारच होतो. तेवढ्यात मोनिका म्हणाली, की गाणी भरून इंटरनेटवर टाकणार आहोत.

काकूंनी कप खाली ठेवला. "कुठवर ऐकू येते ते?"

"कुठंही. नागपूर, रायपूर, सुरत. ज्याच्या मोबाईलमधी नेट हाय त्याले."

"आणि कोण बोलून राहिलं ते दिसते?"

"फोटो टाकला तं दिसते."

त्या थोडा वेळ समोरच्या फलाटाकडे पाहत राहिल्या. एक गाडी निघाली, त्यांनी आत जाऊन सूचना दिली आणि परत आल्या. "रविवारी मले सुट्टी नसते. बुधवारी राहते."

माणसाला प्रसिद्धीची हौस कुठल्या वयात येईल सांगता येत नाही.

१६ मार्च

नाव ठरलं: फलाट. टेकचंदने सुचवलं. पहिलं गाणंही झालं, शब्द मोनिकाचे.

गाडी लागली आहे.
चढायचं तर चढा.
खिडकी कोणाची नाही.
चढायचं तर चढा.

एवढंच. काकू बोलतात आणि थांबतात, त्या थांबण्यात टेकचंद एकदाच मारतो आणि मी एक सूर देतो. माझ्या वाट्याला सगळ्या गाण्यात चार सूर आले आहेत. आधी अपमान वाटला. आता त्या चारांची मी इतकी वाट पाहतो की हाताला घाम येतो.

मधल्या शांततेला काकू 'थांबा' म्हणतात. "हा थांबा लहान झाला," "इथं थांबा पाहिजे." आता आम्ही सगळेच तसं म्हणतो.

एक अट मात्र त्यांनी घातली. कार्यक्रम कुठेही असो, सुरुवातीला त्या म्हणणार, "मी सुशीला गजभिये. कोंढा." मी म्हटलं, काकू, हे शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं, आपल्या संगीतात असं नाव सांगत नाहीत.

"तं मी येत नाही."

मोनिकाने लगेच होकार दिला. मी तारा वाढवू म्हटलं तर हीच मोनिका दोन महिने वाद घालते!

१४ एप्रिल, कोंढा

पहिला कार्यक्रम. आंबेडकर जयंतीचा, काकूंच्याच गावात. आमच्या आधी भीमगीतांची पार्टी होती, त्यांनी मंडप हलवला होता. त्यानंतर आम्ही.

काकूंनी निळी साडी नेसली होती. नाव सांगितलं, गाव सांगितलं. लोक हसले, कारण सगळे त्यांना ओळखतात. मग पहिलं गाणं, आणि पहिला थांबा. मंडळाचा एक कार्यकर्ता धावत स्टेजवर आला आणि वायरी तपासू लागला. त्याला वाटलं माइक बंद पडला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढची ओळ बोलल्या, तसा तो दचकून मागे सरला.

त्यानंतर मंडपात कोणी बोललं नाही. मला वाटलं पडलो आपण. चौथं गाणं संपलं तरी टाळी नाही. मग पहिल्या रांगेतल्या आनंदाबाई, काकूंच्या शेजारीण, मोठ्याने म्हणाल्या, "सुशीला, आणखीन बोल."

खाली उतरल्यावर पाहिलं तर आनंदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. गाणं तर एसटीच्या खिडकीचं होतं! मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुले नाही समजाचं बाबू." काय नाही समजायचं?

२ जुलै

मोनिकाने कोंढ्याचं मोबाईलवरचं शूटिंग नेटवर टाकलं होतं. कार्यकर्ता वायरी तपासतो ती जागा पुण्या-मुंबईची पोरं पुन्हापुन्हा पाहताहेत. त्यांना वाटतं तो बँडमधलाच आहे, आणि हे आम्ही मुद्दाम बसवलंय. एकाने लिहिलं, की या बाईच्या आवाजात सरकारी यंत्रणेचा निर्विकारपणा आहे. दुसऱ्याने लिहिलं, पूर्वेकडच्या जंगलाची शांतता आहे. मी काकूंना वाचून दाखवलं.

"आणखी कोणी काही लिवलं का?"

"पुष्कळांनी लिहिलं."

"नावं वाच."

एकेक नाव वाचलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि ड्युटीवर गेल्या.

२० ऑगस्ट, नागपूर

कॉलेजात वाजवलं. पोस्टरवर मोनिकाने फक्त रिकामा फलाट काढला होता, मला फार आवडला. काकूंना नाही. "माझा फोटो काहून नाही? तोंड दिसलं पाहिजे. पासपोर्टवानी." शेवटी तो चिकटवला. असं पोस्टर जगात कुठल्या बँडचं नसेल.

कार्यक्रमाआधी त्या दिसेनात. शोधत गेलो तर बस स्टँडवर होत्या. फलाटांवरून चालत होत्या, बाकांवरच्या माणसांकडे पाहत. मी म्हटलं, "काकू, इथंही ड्युटीच का?" म्हणाल्या, "सवय हाय बाबू."

मागे अमरावतीच्या कार्यक्रमाआधीही त्यांनी हेच केलं होतं. सवय माणसाला कुठपर्यंत ओढत नेते, हे पाहण्यासारखं आहे.

२३ नोव्हेंबर, नागपूर

स्टुडिओत चार गाणी भरली. ध्वनिमुद्रण करणारा तरुण हुशार, पण त्याने परस्पर थांबे कापून लहान केले. "एवढी शांतता लोक ऐकत नाहीत, पुढे सरकवतात," म्हणाला. काकू खुर्चीतून उठल्या.

"माझे थांबे परत टाका."

"मॅडम, त्यात काहीच नाही. रिकामी जागा आहे."

"रिकामीच ठेवाची हाय."

त्याने परत टाकले. ऐकताना मी पाहिलं, थांबा आला की काकू मान किंचित उजवीकडे वळवतात. कोणी मागून हाक मारेल तशी. त्या वेळी त्या काय ऐकतात हे मला फार जाणून घ्यायचं आहे. विचारलं तर म्हणतात, "काही नाही."

११ डिसेंबर, पुणे

आज भांडण झालं. सगळं लिहून ठेवतो.

कार्यक्रमानंतर गाण्यांच्या एका कंपनीचा माणूस भेटला. म्हणाला, तुमच्यात काहीतरी आहे, पण सांगाड्यावर मांस हवं. कीबोर्ड घालू, कोरस घालू, एक तरुण गायिका घेऊ. काकूंचा आवाज सुरुवातीला आणि शेवटी चवीपुरता. म्हणजे देशभर पोचू.

मला पटलं. खरं सांगतो, पटलं. आंधळगावात साड्यांच्या घड्या घालून आयुष्य काढायचं नाही मला. टेकचंद म्हणाला, "मंग माझ्या झांजा पण परत आणा, मी कायले उपाशी राहू?" मी काकूंना विचारलं.

"त्यात माझा आवाज ओळखू येईन का?" त्यांनी विचारलं.

"थोडा येईल."

"थोडा नको."

मला राग आला. मी म्हटलं, "काकू, बँड सगळ्यांचा आहे. तुमचं नाव, तुमचा फोटो, तुमचा आवाज. बाकीच्यांनी काय करायचं? या वयात एवढी हौस बरी नाही."

काकू पिशवी उचलून बाहेर गेल्या. मोनिका माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी गणितात साधी बेरीज चुकणाऱ्या पोराकडे पाहत असेल. "तुले खरंच नाही समजत?"

"काय?"

"काही नाही. त्याइले सांगाचं असन तं त्या सांगतीन."

कंपनीला नकार कळवला. तिघं विरुद्ध मी. टेकचंदही फिरला, म्हणाला, दोन ड्रमची सवय झाली आता.

२६ फेब्रुवारी २०१२, रायपूर

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारचा कार्यक्रम, मोठं सभागृह. काकूंनी नेहमीसारखं नाव-गाव सांगितलं. चार गाणी झाली. खाली उतरलो तर एक पन्नाशीचा माणूस काकूंपुढे येऊन उभा राहिला. भिलाईला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. मुलीच्या हट्टाने आला होता.

"माताजी, ये बोलना मैंने सुना है," तो म्हणाला. "हमारे यहाँ एक लड़का काम करता था. खाने के टाइम डब्बा खोल के ऐसे ही बोलता था. फलाट क्रमांक दोन. कोंढा. अड्याळ. और बीच में ऐसे ही रुकता था. हम लोग बहुत हँसते थे. पूछा तो बोला, मेरी माँ है."

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. मोनिका धावत आली. मला वाटलं त्या विचारतील, नाव काय, कुठे आहे, कधीची गोष्ट. त्यांनी विचारलं, "डब्बा पुरा खात होता का?"

तो माणूस गडबडला. "हाँ माताजी. पूरा खाता था."

मग त्या बसल्या आणि कितीतरी वेळ रडल्या. टेकचंद दारात उभा राहून आत येणाऱ्यांना परत पाठवत होता.

मोनिकाने मला बाहेर नेऊन सांगितलं. भूपेंद्र, काकूंचा एकुलता एक मुलगा. बापाच्या जागी आपण लागणार असं त्याच्या मनात होतं. तेव्हा तो लहान होता, घर चालवायचं होतं, जागा काकूंनी घेतली. पुढे मोठा झाला, काम मिळेना, घरात तेवढ्यावरून धुसफूस. एक दिवस निघून गेला. चार वर्षं झाली. मोनिकाला हे आनंदाबाईंनी सांगितलं होतं, जयंतीच्याच दिवशी.

"सगळ्याईले माहीत होतं?"

"टेकचंदले मी सांगतलं. तुले सांगणार होती. पण तू लिहिणारा माणूस, तुले दिसतच असन असं वाटलं मले."

मी ही वही मागे उलटून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. स्टँडवरच्या फेऱ्या, फोटो, नावं वाच म्हणणं. मीच लिहिलंय.

संध्याकाळी काकू शांत झाल्या तेव्हा स्वतःहून बोलल्या. "नागपूरच्या गाडीनं गेला तो. मी आत होती. मले काय मालूम तो बसला म्हून. त्या गाडीची सूचना मीच देल्ली, बाबू. चढाचं तं चढा म्हणल्यावानी."

मी त्यांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "तुहं काही चुकलं नाही. हौस तं होतीच मले."

२७ फेब्रुवारी, भिलाई

वर्कशॉपमध्ये भूपेंद्र नाही. विशाखापट्टणमला गेला, तिकडे जहाजांचं काम मिळालं म्हणून. मालकाने नंबर दिला. चालू असेल की नाही सांगता येत नाही म्हणाला.

वर्कशॉपमागे कडुनिंबाखाली बाजेवर काकूंना बसवलं. मोनिकाने नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्या हातात दिला. घंटी वाजली. उचलला.

"हॅलो?"

काकूंचं तोंड उघडलं. शब्द नाही.

"हॅलो, कौन?"

ज्या बाईने दिवसाला शंभर वेळा बोलून पोट भरलं, ती बोलू शकेना. मोनिकाने हात पुढे केला, काकूंनी तो बाजूला सारला. तिकडून घणाचा आवाज येत होता, तो लांब गेला. माणूस चालत बाजूला आला असावा. त्याने फोन ठेवला नाही. यांनीही नाही. आम्ही इतके थांबे घेतले, पण असा एकही नव्हता.

मग तो म्हणाला, "आई?"

काकूंनी हुंकार दिला.

"ड्युटीवर हायेस का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "सुट्टी हाय आज."

आम्ही तिघं उठून रस्त्यावर गेलो. टेकचंदने कोणालाही न विचारता तीन चहा सांगितले आणि स्वतःचा प्यायलाच विसरला.

८ एप्रिल, कोंढा

भूपेंद्र आला आहे. उंच, दाढीवाला, बोलण्यात तेलुगू हेल. बायकोला घेऊन आला. काकूंनी घर सारवलं होतं. तिची आणि काकूंची भाषा जुळत नाही, पण दोघी मिळून स्वयंपाकघरात हसत होत्या.

मी आणि तो तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलो. मी विचारलं, आमचं गाणं त्याने कधी ऐकलं होतं का.

"सालभर होत आला," तो म्हणाला. "एका दोस्तानं मोबाईलवर दाखवलं. तो वायर पाहणारा माणूस. हसाले म्हून दाखवलं, तं माय निंघाली त्यात."

"मग फोन काहून नाही केला?"

"रोज पाहे मी ते. नाव सांगते, गाव सांगते, मंग चूप. मले वाटे, आता बोलन. भूपेंद्र, ये म्हणन. माय तं गाडीचंच सांगे. मी म्हणलं, बोलवाचं असतं तं बोलावलं असतं ना."

त्याने खडा उचलून पाण्यात टाकला. एवढे दिवस मी लोकांना सांगत आलो, की कमी बोललं की जास्त पोचतं. पोचलं होतं. कधीचंच. फक्त काय म्हणायचं आहे ते त्याला समजलं नव्हतं, आणि मला तर समोर बसून समजलं नव्हतं.

मी काकूंना हे सांगितलं नाही. तो सांगेल तर सांगो.

२५ एप्रिल

काकूंनी बँड सोडला. दिल्लीचं आणि बंगलोरचं आमंत्रण हातात असताना. बुधवारी आल्या, सोबत शेवया आणल्या, सगळ्यांना वाढल्या आणि म्हणाल्या, "आता मले बोलाचं नाही काही."

मी खूप समजावलं. लोक वाट पाहताहेत म्हटलं.

"कोणाची?"

"तुमची, काकू."

"माह्या घरी सून गरोदर हाय बाबू. तिले भाषा शिकवाची हाय."

टेकचंद म्हणाला, दुसरी बाई पाहू. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोच म्हणाला, "नाही, नाही जमत."

असा संपला फलाट. चार भरलेली गाणी, एक जयंतीचं शूटिंग. मोनिकाने पर्समधून माझ्या दोन तारा काढून परत दिल्या. मी त्या लावल्या नाहीत. कुठे ठेवल्या आता आठवत नाही.

१९ सप्टेंबर २०१४

वही दोन वर्षं बंद होती. दुकान, लग्न, सगळं झालं. आज मोनिकाने फोन करून एक गंमत सांगितली, म्हणून उघडली.

आता फलाटसारखं वाजवणारे बँड निघाले आहेत. एक पुण्यात, एक कोलकात्यात, एक कुठेतरी गुवाहाटीकडे. पुण्याच्या बँडमध्ये एक मुलगी सपाट आवाजात बोलते आणि सुरुवातीला चौघंही नाव-गाव सांगतात. चौघंही पुण्याचेच, त्यामुळे ओळीने पुणे, पुणे, पुणे, पुणे. एका मासिकात लेख आला आहे. त्यात लिहिलंय, की नाव-गाव सांगणं हा शहरी अनामिकतेला दिलेला नकार होता. थांबे म्हणजे आमच्याकडच्या झाडीपट्टीतल्या माणसाचा मूक निषेध.

"कळवायचं का त्यांना?" मी विचारलं.

मोनिका हसली. "राहू दे. त्याइले जे ऐकू आलं ते खोटं थोडंच हाय?"

फोन ठेवल्यावर बराच विचार केला. एका बाईने एका मुलासाठी रिकामी ठेवलेली जागा. त्यात आता कोण कोण येऊन बसलं आहे. त्यांचं तिथे काय हरवलं असेल?

दुकानातला पोरगा गिऱ्हाईक आलं म्हणून हाक मारत होता. उठावं लागलं.

१३ जानेवारी २०१९, सानगडी

टेकचंदच्या पुतणीच्या लग्नाला आलो होतो. टेकचंद आता बँड पार्टीचा मालक. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "एक ऐकवतो, चाल."

बाजाराच्या मागे एका बंद राइस मिलच्या ओसरीत दोन मुली वाजवत होत्या. अकरावीतल्या. एकीकडे जुना बेस, दुसरीकडे एकच ड्रम. ड्रमवाली बोलत होती. धानाच्या शेतात, बांधीत साप निघाला, सगळे पळाले, साप तिथेच आहे. एवढंच गाणं, पुन्हापुन्हा. आणि मध्ये शांतता.

मी लगेच मागे वळलो. टेकचंदकडे पाहिलं. तो कानाशी म्हणाला, "मी नाही शिकवलं. आईची आण."

गाणं संपल्यावर मी विचारलं, हे कुठून शिकल्या. पुण्याच्या एका बँडचं नाव सांगितलं. तो बँड कोणाचं ऐकून सुरू झाला, ते त्यांना माहीत नव्हतं. फलाट हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मध्ये थांबता ते काहून?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक आहे असं वाटत होतं.

ड्रमवाली म्हणाली, "लोकं काय करतात ते पाहाले. कोणी हसते, कोणी मोबाईल काढते, कोणी घाबरते. मंग त्याच्यावरून पुढचं ठरवतो आम्ही."

"म्हणजे दर वेळी वेगळं?"

"मंग! तसंच तसं वाजवाचं तं मशीन नाही का?"

हे आमच्या डोक्यात कधीही आलं नव्हतं. आम्ही एका जागी थांबलो ते थांबलोच. या मुली थांबून आजूबाजूला पाहत होत्या, आणि मगाशी, माझ्या लक्षात आलं, माझ्याकडेही पाहिलं होतं. साप दोनदा तिथेच होता. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला थोडा पुढे सरकवला होता. माझ्या तोंडाकडे पाहून की काय?

टेकचंद मला कोपराने ढोसत होता, सांग ना, सांग ना. मी सांगितलं नाही. एकच विचारलं, पुढचं गाणं कोणतं.

"अजून बनलं नाही," ती म्हणाली. "बसा ना काका. बनवतो."

लग्न लागायची वेळ झाली होती. मी चपला काढल्या आणि ओसरीत मांडी घालून बसलो.